स्वच्छता निरीक्षक दिवसभर करतो काय?

प्रश्न तासगावकडच्या एका मुलाचा आहे. स्वच्छता निरीक्षकाची पदविका झाली आहे, जाहिरात निघाली की फॉर्म भरणार आहे. पण घरचे म्हणतात, "झाडूवाल्यांची हजेरी घ्यायची आणि लोकांच्या पावत्या फाडायच्या, ही काय नोकरी झाली?" त्याला विचारायचं आहे की खरं काम काय असतं, जबाबदारी कुठवर असते आणि अधिकार किती असतात. सांगली-मिरज पट्ट्यात माझी सगळी नोकरी याच कामात झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घरचे सांगतात ते खोटं नाही, अर्धं आहे. हजेरी आहे, पावतीही आहे. पण या खात्यात दोन तऱ्हेची कामं असतात. एक लोकांना दिसतं, फोटोत येतं, साहेबांना दाखवता येतं. दुसरं रोग थांबवतं आणि बहुतेक वेळा कुणाच्या नजरेलाही पडत नाही. रोज सकाळपासून लोक तुम्हाला पहिल्या कामाकडे ओढत असतात. त्यातून वेळ काढून दुसरं करत राहणं, याचाच पगार तुम्हाला मिळतो असं समजा.

आधी पदाचं बघू. महापालिकेत कामं वाटलेली असतात. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका 1998 ला झाली, तेव्हापासून तीन गावांचा कारभार एका छताखाली आहे. निरीक्षकाकडे ठरलेले वॉर्ड, वर वरिष्ठ निरीक्षक, त्यांच्यावर आरोग्याधिकारी आणि उपायुक्त. छोट्या नगरपालिकेत मात्र तुम्ही एकटेच. कचरा, गटार, डास, मेलेलं जनावर, यात्रेची मुतारी, सर्वेक्षणाची कागदपत्रं, सगळं एकाच टेबलावर. तरीही त्या गावांना कमी लेखू नका. स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत 2020 ला कऱ्हाड, 2021 ला विटा आणि 2022 ला पाचगणी देशात पहिली आली. तिन्ही सातारा-सांगलीतलीच. कमी माणसांत कामाची घडी कशी बसवायची हे बघायचं असेल तर इंदूरला जायची गरज नाही, विट्याची एसटी पकडा.

दिवस सुरू होतो हजेरी शेडवर, उजाडायच्या सुमाराला. मुकादम नावं पुकारतो. कायम कामगार, बदली कामगार, मानधनावरचे, ठेकेदाराचे, असे सगळे तिथे असतात. पगार वेगळे, काम एकच, त्यामुळे कुरबूर रोजची. सोमवारी आणि पगाराच्या दुसऱ्या दिवशी खाडे जास्त पडतात. कोण आला नाही हे कळल्यावर पंधरा मिनिटांत बीट, म्हणजे कुणी कुठला भाग झाडायचा ते, पुन्हा वाटावं लागतं. बाजारपेठ आणि शाळेचा रस्ता आधी, कॉलनी नंतर. घंटागाडी बंद पडली असेल तर दुसरी कुठून वळवायची, कंटेनर भरून वाहतोय तर डंपर कधी येणार, ही गणितं तिथेच उभ्याउभ्या सुटतात. शेडवर सहाला पोचणारा निरीक्षक आणि नऊला पोचणारा निरीक्षक यांच्या वॉर्डात फिरून बघा, कुणाला विचारावं लागत नाही.

मुकादमाशी संबंध जपा. कुठलं चेंबर कुठल्या पावसात तुंबतं, कुठल्या हॉटेलवाल्याचं खरकटं रात्री गटारात जातं, हे त्याला पाठ असतं. पण त्याच्या डोळ्यांनीच बघायची सवय लावून घेऊ नका. आठवड्यातून दोनदा तरी त्याला न सांगता, तो नेतो त्या रस्त्याने न जाता फिरा.

इथेच एक गोष्ट ठासून सांगतो. कामगाराला मॅनहोलमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवायचं नाही. हाताने मैला साफ करायला बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने ते गुन्ह्यात बसतं आणि अशा मृत्यूला 30 लाख रुपये भरपाई द्यावी, असं सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये सांगितलं आहे. कायदा बाजूला ठेवला तरी आतला वायू दिसत नाही. पहिला माणूस पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. "साहेब, दोन मिनिटांचं काम आहे, मी उतरतो" असं कामगार स्वतःहून म्हणेल. वरून फोन येईल, गल्लीत मैला रस्त्यावर आलाय, लोक चिडलेत. जोराच्या पाण्याने तुंबलेली लाइन मोकळी करणारं जेटिंग मशीन येईपर्यंत मैला रस्त्यावर राहू दे. शिव्या खा.

आता पाण्याकडे येतो. लोकांना वाटतं, पाणीपुरवठा म्हणजे वेगळं खातं, निरीक्षकाचा काय संबंध? नळ त्या खात्याचा, पण जुलाब आपल्या खात्याचे. खिशात ओटी टेस्टचा, म्हणजे पाण्यातलं क्लोरिन तपासायचा, डबा ठेवायची सवय लावा. नळाचं पाणी थेट नळीत घ्यायचं, घरच्या टाकीतलं नाही. थेंब टाकले की पिवळा रंग येतो, तो पट्टीशी लावून बघायचा. पिण्याच्या पाण्यात क्लोरिन किमान 0.2 पीपीएम शिल्लक असावं लागतं, साथीच्या दिवसांत 0.5 तरी. आणि तपासायचं ते पाणीपुरवठ्याच्या टाकीजवळच्या घरात नव्हे, लाइनच्या शेवटच्या टोकाच्या घरात. टाकीखाली पाणी नेहमीच पिवळं होतं. रजिस्टरमध्ये रोज एकसारखे आकडे दिसले तर समजावं की नळी घेऊन कुणी फिरलेलंच नाही.

मिरजेतल्या एका जुन्या गल्लीचं उदाहरण देतो. ओळीने तीन घरांत उलट्या-जुलाब. पाणी सकाळी येतं आणि पहिली बादली वास मारते, असं बायका सांगत होत्या. गल्लीच्या तोंडाशी ओटी पिवळी आली, आत चार घरं गेल्यावर फिकट, शेवटच्या घरात पाणी पांढरं ते पांढरंच. म्हणजे मधे कुठेतरी घाण मिसळत होती आणि क्लोरिन तिथेच खर्ची पडत होतं. गटाराची फरशी उचलली तर एका घराचं जुनं लोखंडी कनेक्शन गटारातूनच गेलेलं, वर गंज आणि खाली बोट जाईल एवढं भोक. पाणी चालू असताना आत दाब असतो, त्यामुळे त्या भोकातून पाणी बाहेर पडतं आणि कुणाला कळत नाही. पाणी गेलं की पाइप रिकामा होतो आणि गटारातलं आत ओढतो. दुसऱ्या दिवशीची पहिली बादली ती हीच. त्यात नळाला थेट मोटार लावणारे दोघे-तिघे गल्लीत असतातच, ते हे शोषण आणखी वाढवतात.

अशा वेळी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठवायचा, पण रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही. व्हॉल्व्हमनला बोलावून लाइन बंद करायची, टँकर लावायचा, कनेक्शन तोडून गटारावरून वर घ्यायला लावायचं, पाण्यात टाकायच्या क्लोरिनच्या, म्हणजे मेडिक्लोरच्या, बाटल्या घरोघरी द्यायच्या. आशाताईंना बरोबर घेऊन आजूबाजूची घरं विचारायची, कारण खाजगी दवाखान्यात गेलेला रुग्ण तुमच्या कागदावर येत नाही. लाइन जोडल्यावर धुऊन, जादा क्लोरिन सोडून, मग पुन्हा शेवटच्या घरात ओटी. पिवळी आली तरच पाणी प्यायला मोकळं.

डासांचं तर विचारूच नका. डेंग्यूचा रुग्ण निघाला की लोक धूर मागतात. नगरसेवक धूर मागतात, पेपरवाले विचारतात धूर मारला का. धूर मारायचा, पण त्याने होतं काय हे तुम्हाला तरी ठाऊक असू द्या. त्या क्षणाला उडणारा डास मरतो, अळी मरत नाही. अळीचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणजे आज धूर आणि पुढच्या आठवड्यात नवी फौज. डेंग्यूचा डास गटारात वाढत नाही. त्याला घरातलं स्वच्छ साठलेलं पाणी लागतं आणि तो फार लांब उडतही नाही. रुग्ण ज्या घरात निघाला, तिथल्या शे-दोनशे मीटरमध्येच कुठेतरी त्याचं घर असतं.

सांगलीत शामरावनगरसारखा सखल भाग घ्या. खाली काळी माती, पाण्याला वाट नाही, पावसाळ्यात मोकळ्या प्लॉटची तळी होतात. प्लॉटचा मालक पुण्यात किंवा मुंबईत. लोक त्या डबक्याकडे बोट दाखवतात, आणि त्यांचा राग योग्यच आहे. तिथे गप्पी मासे सोडा, औषध मारा, मालकाला नोटीस काढा. पण चाव्यांनी जीव नकोसा करणारा डास त्या डबक्यातला असतो, डेंग्यूचा मात्र बोट दाखवणाऱ्याच्या घरात सापडतो. दारातून आत गेल्यावर मी सगळ्यात आधी फ्रिजमागचा ट्रे बघायचो. तो ओढून काढला की घरच्या बाईला पहिल्यांदा कळायचं, तिथे ट्रे असतो. टॉर्च टाकला की बारीक अळ्या वळवळत खाली जायच्या. मग कूलर, झाडांच्या कुंड्यांखालच्या ताटल्या, मनी प्लँटची बाटली, गच्चीवरचा टायर, झाकण नसलेलं बॅरल. पाणी ओतून दिलं एवढ्यावर सोडू नका, भांडं घासायला लावा. अंडी कडेला चिकटून राहतात, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून कोरडी करायची, तोच कोरडा दिवस.

तपासलेल्या शंभर घरांत किती घरांत अळी निघाली, त्याला हाउस इंडेक्स म्हणतात. हा आकडा खाली आणण्यासाठी घरोघर अळ्या शोधत फिरणाऱ्या खात्याच्या मुलींना लोक दारातूनच परत पाठवतात. "आमच्याकडे नाही काही, पुढे जा." निरीक्षकाने त्यांच्याबरोबर दोन सकाळी हिंडलं की दारं उघडतात. धुराच्या मशीनमागे चालण्यापेक्षा हे बरं.

आणि मग पूर. सांगलीत नोकरी करणार म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी तुमच्या बोटांवर हवी. 40 फूट इशारा, 45 फूट धोका. 2005, 2019, 2021 हे तीन पूर ज्याने खात्यात काढले, त्याला परीक्षेची भीती उरत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. पाणी चढत असताना धावपळ इतरांची जास्त असते. आपली खरी कसोटी लागते ती पाणी उतरल्यावर, कारण तेव्हा लोक घराकडे परततात आणि दारात पोचल्या पोचल्या त्यांना सगळं साफ हवं असतं. त्यात त्यांचं काही चुकतही नाही.

पूर ओसरल्यावर कामाचा क्रम चुकला तर आठवडा वाया जातो. आधी मेलेली जनावरं, शहराबाहेर खोल खड्डा आणि चुना. त्याच्या जोडीला किराणा दुकानं आणि गोदामं, कारण भिजलेलं धान्य दोन दिवसांत आंबतं आणि तिसऱ्या दिवशी त्या गल्लीत उभं राहवत नाही. मग गाद्या, कपाटं, फर्निचर. लोक हे सगळं रस्त्यावर आणून टाकतात, वाटेत गाडीच शिरत नाही, म्हणून आतल्या गल्ल्यांतून मुख्य रस्त्याकडे नव्हे, मुख्य रस्त्यावरून आत सरकायचं. मग चिखल खरवडायचा, धुवायचा. पावडर सगळ्यात शेवटी.

हा शेवटचा मुद्दा साहेबलोकांना पटवणं कठीण जातं. दौरा ठरला की चिखलावरच टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग, पावडरीच्या पांढऱ्या रेघा ओढायचा हुकूम येतो. क्लोरिन घाणीशी भांडण्यातच संपून जातं, जंतूंपर्यंत पोचतच नाही. चिखलावर टाकलेली पावडर फक्त फोटोत काम करते. शिवाय पावडर जुनी असेल तर आधीच तिच्यात दम नसतो. ताज्या पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरिन असतं, पण पोतं उघडं राहिलं, ओल लागली की ते उडून जातं. गोदामातली पोती तारखेप्रमाणे लावून घ्या, जुनी आधी वापरा आणि पुरासाठी राखलेला साठा पुराच्या पाण्यात जाणार नाही अशा जागी ठेवा. हसू नका, शहरात पाणी आलं की कुठली गोदामं आधी बुडतात ते इथल्या जुन्या माणसांना विचारा.

पुरात राबणाऱ्या कामगारांना लेप्टोचा, म्हणजे उंदरांमुळे होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाचा, धोका असतो. उंदराचं मूत पाण्यात मिसळलेलं असतं आणि पायाला कुठेतरी चीर असतेच. गमबूट, हातमोजे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या, या गोष्टी पहिल्या दिवशी हातात पडल्या पाहिजेत. बाहेरच्या महापालिकांची पथकं मदतीला येतात, त्यांनाही. पाहुणे म्हणून त्यांच्या जेवणाची सोय होते, बुटांची राहून जाते.

बाकीची कामं भराभर सांगतो. भेसळ तुमच्याकडे नाही. अन्नसुरक्षा कायदा 2011 पासून लागू झाला, तेव्हापासून नमुना घेणं आणि खटला भरणं हे एफडीएच्या, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाच्या, अधिकाऱ्याचं काम. तुम्ही भेळगाडीमागचं पाणी, खरकटं आणि गटार बघायचं, आणि संशय असेल तर त्यांना कळवायचं. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, तिथे घंटागाडीत सुई-सलाइन आलं का यावर डोळा ठेवा. पिवळी, लाल, पांढरी, निळी पिशवी-डब्यांची विभागणी दवाखान्याने करायची आणि तो कचरा 48 तासांच्या आत वेगळ्या गाडीतून गेला पाहिजे. आपल्या कामगाराच्या हातात सुई घुसली तर त्याला लगेच सिव्हिलला न्या, कागद नंतर. काही ठिकाणी जन्म-मृत्यू नोंदणीही निरीक्षकाकडे येते. 21 दिवसांच्या आत नोंद झाली तर सगळं सोपं, पुढे प्रत्येक टप्प्यावर कागद वाढतात. गणपतीत निर्माल्य, आणि मिरजेच्या विसर्जन मिरवणुकीनंतर रस्ता झाडणं हा स्वतंत्र विषय आहे. मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते आणि कामगार तिच्यामागून चालतात.

आता पावती. दंडाचा अधिकार आहे, वापरावाही लागतो. बंदी असलेल्या प्लॅस्टिकला पहिल्या वेळी 5,000, दुसऱ्यांदा 10,000 आणि तिसऱ्यांदा 25,000 रुपये आणि तीन महिन्यांपर्यंत कैद, हे 2018 पासून राज्यात लागू आहे. पण मंडईत कोथिंबीर विकणाऱ्या आजीकडून 5,000 रुपये मागायला जाऊन बघा, तुमचाच घसा कोरडा पडेल. तिच्या पिशव्या जप्त करा, आणि त्या पिशव्या ज्या दुकानातून पोत्याने सुटतात त्या दुकानावर जा. तिथे पावती फाडताना हात थरथरू देऊ नका. तिथूनच फोन लागतात, "जरा सांभाळून घ्या." फोन घ्या, नम्रपणे बोला, पावती झाली म्हणून सांगा. एकदा पुस्तकातली पावती फाडली की परत जोडता येत नाही, हा या पुस्तकाचा मोठा गुण आहे.

कचरा वेगळा करण्याबाबत माझं मत थोडं वेगळं आहे. ओला-सुका एकत्र दिला म्हणून घराला दंड करण्याआधी आपली गाडी तपासा. लोकांनी घरात वेगळा केलेला कचरा गाडीत एकत्र ओतलेला त्यांनी एकदा बघितला, की पुढची दोन वर्षं कुणाचं ऐकत नाहीत. गाडी वेळेवर आली, दोन कप्पे खरोखर दोन राहिले, की निम्म्या गल्ल्या आपोआप सुधारतात. उरलेल्यांसाठी पावती.

अधिकार आणि जबाबदारीचं माप सारखं नाही, हे आधीच समजून घ्या. गटार बांधणार बांधकाम विभाग, पाइप पाणीपुरवठ्याचा, प्लॉट खाजगी, हॉटेलचा परवाना एफडीएकडे, कामगार ठेकेदाराचे. साथ आली की नोटीस मात्र तुमच्या नावाने. म्हणून जे दिसलं ते लेखी कळवायची सवय लावा. "अमुक गल्लीत नळाचं कनेक्शन गटारातून गेलं आहे, बदलावं" एवढं दोन ओळींचं पत्र, आवक शिक्का मारलेली प्रत स्वतःच्या फाइलला. तोंडी सांगितलेलं चौकशीत कुणाला आठवत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवलंत तरी कागद हवाच.

तुम्ही फॉर्म भरणार असाल तर जाहिरातीतली पात्रता ओळीओळीने वाचा. नगरपरिषदांचा स्वच्छता निरीक्षकांचा संवर्ग राज्यस्तरावर आहे, बदली कुठेही होते. महापालिका आपली भरती वेगळी करते. पदविका मान्य संस्थेची आहे का, जाहिरातीत मागितलेल्या दर्जाची आहे का, हे आधी खात्री करून घ्या. कागदपत्रं तपासताना नाव वगळलं गेलेली मुलं मी पाहिली आहेत.

रुजू झालात की धनुर्वात आणि काविळीची हिपॅटायटिस बीची लस घ्या, कामगारांनाही द्यायला लावा. पहिल्या आठवड्यात तीन माणसं शोधा: तुमच्या भागाचा व्हॉल्व्हमन, सगळ्यात जुना मुकादम आणि आशाताई. वॉर्डाचा नकाशा मागा, बहुधा मिळणार नाही. मग वही घेऊन व्हॉल्व्हमनबरोबर चाला आणि कुठला व्हॉल्व्ह कुठल्या गल्लीचं पाणी बंद करतो, ते स्वतःच काढून ठेवा.